शेजारच्या उमेदवाराचं सगळं पाठ, आपल्याचं नावही ठाऊक नाही : अमेरिकी काँग्रेस, मतदार आणि बातम्या

एडिसनकर

नमस्कार मंडळी. २०२६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत पुन्हा काँग्रेसची निवडणूक आहे. इथल्या मराठी घरांत बोलणं निघतं ते राष्ट्राध्यक्षांचं, व्हिसाचं, फार तर महागाईचं. आपल्या मतदारसंघातून वॉशिंग्टनला कोण जातं यावर तासभर गप्पा रंगल्या आहेत, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात घरापासून, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनपासून करतो. २०२४ चा ऑक्टोबर. संध्याकाळी बातम्या लावल्या की टॉम केन आणि सू ऑल्टमन यांच्या जाहिराती सुरू. त्या संपल्या की हडसन नदीच्या वरच्या अंगाचे माइक लॉलर आणि मॉन्डेअर जोन्स. आमच्या शाळकरी मुलीला त्या जाहिरातींतली वाक्यं पाठ झाली होती. एका शनिवारी मी तिला सहज विचारलं, "आपले उमेदवार कोण गं?" तिने केन यांचं नाव घेतलं. केन सातव्या मतदारसंघातले. एडिसन येतं सहाव्यात. आमचे प्रतिनिधी फ्रँक पलोन, १९८८ पासून निवडून येतायत. त्यांची जाहिरात मी टीव्हीवर पाहिल्याचं आठवत नाही. आणि त्यांच्यासमोर कोण उभं आहे हे सॅम्पल बॅलट घरी येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

याचं एक कारण भूगोलात आहे. न्यू जर्सीचा अर्धा भाग न्यूयॉर्कची टीव्ही स्टेशनं पाहतो, अर्धा फिलाडेल्फियाची. आमच्या एका मतदारसंघातल्या लोकांपर्यंत पोचायला उमेदवाराला अख्ख्या न्यूयॉर्क महानगराच्या प्रेक्षकांचे पैसे मोजावे लागतात, आणि त्यातले बहुतेक त्याला मत देऊच शकत नाहीत. त्यामुळे जिथे चुरस आहे तिथलेच उमेदवार हा खर्च करतात. आणि बातम्या? न्यूयॉर्कच्या स्टेशनला एडिसनच्या प्रतिनिधीचं काय पडलंय! वर्तमानपत्रं होती, तीही आटत चालली. जर्सी सिटीचं 'जर्सी जर्नल' २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झालं आणि त्याच सुमाराला राज्यातल्या सगळ्यात मोठ्या 'स्टार-लेजर'ची छापील आवृत्ती थांबली. देशभरात २००५ पासून तीन हजारांहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. त्यात बहुतेक साप्ताहिकं, म्हणजे गावाच्या सभेला माणूस पाठवणारी.

सॅम्पल बॅलट म्हणजे मतपत्रिकेचा नमुना. आमच्या राज्यात तो टपालाने घरी येतो. जेवण झाल्यावर टेबल पुसून बायको आणि मी तो पसरून बसलो. वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेट, मग प्रतिनिधीगृह, खाली काउंटी (जिल्हा), आणि तळाला शाळा मंडळ. वरच्या नावांवर बोलायला काही नव्हतंच, ते दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. सिनेटवर पाच मिनिटं. प्रतिनिधीगृहापाशी आलो तेव्हा तिने विचारलं, "यांनी आपल्यासाठी नेमकं काय केलंय?" मला एकही गोष्ट सांगता येईना. पलोन यांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. ते मोठ्या समितीवर आहेत, आरोग्य विम्याच्या कायद्यात त्यांचा हात होता, हे मी नंतर शोधून वाचलं. पण त्या रात्री, खूण करायच्या आधी, मी फक्त पक्ष पाहिला. शाळा मंडळाच्या रकान्यापाशी आम्ही दोघंही फोन काढून नावं शोधत होतो.

बातमीदार नसला की काय होतं, याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं उदाहरण इथून तासा-दीड तासावर घडलं. लाँग आयलंडवरचा, न्यूयॉर्क राज्याचा तिसरा मतदारसंघ, त्यातच आपल्या लोकांची दुकानं-देवळं असलेलं हिक्सव्हिल. २०२२ मध्ये तिथून रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज सँटोस निवडून आले. बरूक कॉलेजची पदवी, गोल्डमन सॅक्स आणि सिटीग्रुपमधली नोकरी, सगळं सांगितलेलं खोटं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते उघड केलं १९ डिसेंबर २०२२ ला. मतदान झालं होतं ८ नोव्हेंबरला! लक्षात घ्या, हे काही आडगाव नाही. जगातली सगळ्यात श्रीमंत माध्यमं जिथे आहेत त्या शहराला चिकटून असलेला हा भाग. आणि माणूस २०२० मध्येही उभा राहून हरलेला, म्हणजे तपासायला दोन वर्षं होती.

मला आत लागलेली गोष्ट पुढे आहे. एका छोट्या साप्ताहिकाने, 'नॉर्थ शोअर लीडर'ने, मतदानाच्या आधी सप्टेंबरातच लिहिलं होतं की या माणसाची संपत्ती दोन वर्षांत इतकी कशी वाढली ते कळत नाही. २०२० च्या अर्जात वर्षाचे ५५ हजार डॉलर, २०२२ मध्ये साडेसात लाखांचा पगार. कागद सार्वजनिक होते, कुणीही पाहू शकलं असतं. त्या साप्ताहिकाची बातमी मोठ्या पेपरांनी उचलली नाही, टीव्हीने उचलली नाही. विरोधी पक्षाने त्यांची माहिती जमवून मोठी फाईल केली होती, त्यातही मुख्य खोटं सुटलं. पुढे १ डिसेंबर २०२३ ला सभागृहाने ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांना काढलं. इतिहासात हकालपट्टी झालेले ते सहावे सदस्य.

राष्ट्रीय बातम्यांतून पक्ष कळतो. उमेदवार कळायला गावातला बातमीदार लागतो, आणि तोच कमी होतोय. माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे, लिहा. आम्हाला कळलं पाहिजे.

पुण्यातून

चांगला विषय. इथे बसून वाचणाऱ्यांसाठी दोन प्रश्न.

एक, तिकडच्या 'मध्यावधी'चा घोळ होतो. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार पडलं. तिकडे तसं नाही ना? दुसरं, जाहिरातींना काही बंधन? आपल्याकडे प्रचार संपायची वेळ ठरलेली, उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा. तिथे वाट्टेल तेवढा पैसा ओतता येतो असं ऐकतो.

एडिसनकर

@पुण्यातून, बरोबर, इकडची मध्यावधी ठरलेल्या तारखेलाच येते. प्रतिनिधीगृहाचे ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी, सगळेच्या सगळे. सिनेटचे १०० जण सहा वर्षांसाठी, त्यातले साधारण एक तृतीयांश दर खेपेला. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध येते ती मध्यावधी. मतदान नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, हे राष्ट्राध्यक्षासाठी १८४५ च्या आणि प्रतिनिधीगृहासाठी १८७२ च्या कायद्याने ठरलं, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. कामावरून सुटून रांगेत उभं राहायचं.

पैशाबद्दल: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा नाही. एका व्यक्तीने उमेदवाराला किती द्यावं याला आहे. पण २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर सुपर पॅक नावाचे गट उभे राहिले. ते उमेदवाराला थेट पैसे देत नाहीत, त्याच्याशी ठरवून काम करायचं नाही एवढं पथ्य पाळलं की स्वतःच्या नावाने हवा तेवढा खर्च करतात.

टीव्हीच्या दरांचा एक नियम मात्र फार थोड्यांना माहीत असतो. मुख्य मतदानाआधीचे ६० दिवस आणि प्रायमरीआधीचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधीचे) ४५ दिवस स्टेशनला उमेदवाराकडून सगळ्यात कमी दर घ्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही, ते बाजारभावाने आणि तोही कित्येक पटींनी चढलेल्या भावाने घेतात. शिवाय उमेदवाराच्या जाहिरातीतला एक शब्दही स्टेशनला कापता येत नाही. खोटं असलं तरी नाही. गटांची जाहिरात ते नाकारू शकतात. जाहिरातीत उमेदवाराच्या तोंडून "हा संदेश मला मान्य आहे" असं जे ऐकू येतं, ते २००२ च्या कायद्यामुळे. स्वतःच्या आवाजात चिखलफेक करायला माणूस कचरेल, अशी अपेक्षा होती. मग चिखलफेकीचं काम बऱ्याच अंशी गटांकडे गेलं.

बेळगावी_कुंदा

डेट्रॉइटच्या जवळून लिहितोय. आमच्याकडची गोष्ट मराठी माणसाला जवळची आहे, श्री ठाणेदार यांची. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये इकडे आले. आज मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचे, म्हणजे डेट्रॉइटच्या मोठ्या भागाचे प्रतिनिधी. मला त्यांचा अभिमान वाटतो हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या मापाने वाचा.

२०१८ मध्ये ते राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर घातले. जाहिरातींत एक होती ती चक्क त्यांच्या नावाच्या उच्चारावर. लोक अडखळत "ठाणेदार" म्हणायचा प्रयत्न करतायत. आपल्याला गंमत वाटते, पण विचार करा, मतपत्रिकेवर अनोळखी वाटणारं नाव हे पहिलं कुंपण असतं. ते त्यांनी पैसा घालून ओलांडलं. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात त्यांना सगळ्यांत जास्त मतं पडली. तिथेच पुढचा रस्ता दिसला. शहरात राहायला आले, २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेवर, २०२२ मध्ये काँग्रेसवर.

२ ऑगस्ट २०२२ ची ती प्रायमरी काँग्रेसच्या निवडणुका कशा चालतात याचा धडाच आहे. हा मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबर म्हणजे औपचारिकता. खरी लढत ऑगस्टात. उमेदवार नऊ, दुसरी फेरी नाही. ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. त्यांच्या विरोधातल्या अ‍ॅडम हॉलियर यांच्यासाठी बाहेरच्या एका गटाने ४० लाख डॉलरच्या वर ओतले, ते कामी आले नाहीत. कृष्णवर्णीय उमेदवार अनेक होते, मतं विभागली. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला जवळजवळ ७० वर्षांत पहिल्यांदा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या डेट्रॉइटकर बाईंना याचं मनापासून दुःख झालं होतं. "तुमच्या माणसाबद्दल तक्रार नाही, पण आम्ही एकमेकांत वाटले गेलो," म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. आपला माणूस जिंकला म्हणून नाचणं सोपं आहे, ज्या शहराने त्याला निवडलं त्याचं काय चाललंय हेही आपण पाहिलं पाहिजे.

पैसा उमेदवाराला ओळख मिळवून देतो, हे मला यातून दिसलं. ज्याला आधीच सगळे ओळखतात त्याला तो फार पुढे नेत नाही.

नदीपल्याड

एडिसनकर, गावातला बातमीदार लागतो या तुमच्या मुद्द्याला पुरावा आहे, आणि तो आमच्या गावचा आहे.

मी राहते उत्तर केंटकीत. ओहायो नदी ओलांडली की सिनसिनाटी. पूर्वी 'सिनसिनाटी पोस्ट' नावाचं दैनिक होतं, त्याची केंटकी आवृत्ती आमच्या बाजूला यायची. शहरातलं मोठं वर्तमानपत्र 'एन्क्वायरर', पण आमच्या छोट्या गावांच्या बातम्या जास्त करून 'पोस्ट'च छापायचा. ३१ डिसेंबर २००७ ला तो बंद झाला. तेव्हा खप २७ हजारांवर आला होता, म्हणजे तसं मरणपंथालाच लागलेलं दैनिक.

दोन अर्थशास्त्रज्ञांनी, सॅम शुलहोफर-वोल आणि मिगेल गॅरिडो यांनी, मग या गावांच्या निवडणुका तपासल्या. ज्या गावांवर 'पोस्ट' जास्त लिहायचा, तिथे पेपर गेल्यावर निवडणुकीला उभे राहणारेच कमी झाले. पदावरचा माणूस पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली. मतदान घटलं. एवढ्या लहान पेपरने एवढा फरक! ही गावपातळीवरची निवडणूक आहे, काँग्रेसची नाही, हे मान्य. पण काँग्रेसला उभं राहणारी माणसं येतात कुठून? नगर परिषदेतून, काउंटीतून. तिथे आव्हान देणारंच कुणी नसेल तर वर चाळणी कशी लागणार?

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहायचे. ते मला सांगायचे की नगर परिषदेच्या बैठकीला 'पोस्ट'ची एक बाई यायची, मागच्या रांगेत वही घेऊन बसायची. ती आली की सभासद कागद वाचून यायचे. पेपर बंद झाल्यावर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. स्वतः हे गृहस्थ काही महिने जाऊन बसले, मग गुडघे दुखायला लागले.

विदागार

धागा आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो. माध्यमांच्या प्रभावाबद्दल सरसकट बोललं की चूक होते. निरनिराळ्या गोष्टींचा परिणाम निरनिराळा असतो आणि यावर चांगला विदा, म्हणजे आकडेवारी, आहे.

जाहिराती आणि प्रचाराचं पटवणं: जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले. मुख्य निवडणुकीत, जिथे मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष छापलेला असतो, तिथे प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. प्रायमरीत मात्र परिणाम दिसतो, कारण तिथे सगळे एकाच पक्षाचे, मग मतदार दुसरं काहीतरी शोधतो. कुंदांनी डेट्रॉइटचं जे लिहिलं ते याच्याशी जुळतं. आणि खूप आधी केलेल्या प्रचाराचा परिणाम मतदानापर्यंत ओसरतो.

केबल वाहिन्या: फॉक्स न्यूज १९९६ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पण सगळ्या गावांत एकदम पोचली नाही. केबल कंपनीच्या यादीत जागा मिळेल तसतशी पोचली. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि ईथन कॅप्लन यांनी याचाच फायदा घेऊन नऊ हजारांवर गावं ताडून पाहिली. जिथे ती आधी पोचली तिथे २००० पर्यंत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढली होती. आकडा लहान वाटतो. पण त्याच साली फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर लागला होता.

आणि माध्यमं बाजूला ठेवली तरी जे होतंच ते: राष्ट्राध्यक्षाचा पक्ष मध्यावधीत प्रतिनिधीगृहाच्या जागा गमावतो. १९३४, १९९८ आणि २००२ सोडलं तर गेल्या शतकभरात हे चुकलेलं नाही. ओबामांच्या काळात २०१० मध्ये डेमोक्रॅटांच्या ६३ जागा गेल्या. ट्रम्प यांच्या पहिल्या खेपेत २०१८ ला चाक उलटं फिरलं. ज्यांचा माणूस गादीवर आहे ते सुस्त असतात, दुसरे चिडून बाहेर पडतात. मतदानाचे आकडे पाहा: २०१४ च्या मध्यावधीत जेमतेम ३६ टक्के, २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के, शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी मध्यावधी.  घरी बसलेले बरेच उठले.

एडिसनकर

विदागार, उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. पण तुमच्याच आकडेवारीतून माझा मुद्दा पुढे नेतो. पक्ष छापलेला असला की प्रचार चालत नाही, म्हणजे मतदार पक्षावरच शिक्का मारतोय. हे कायमचं होतं का? नाही. १९८० च्या दशकात लोक सर्रास राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेसचा माणूस दुसऱ्या पक्षाचा निवडायचे. २०१६ मध्ये ज्या ज्या राज्यात सिनेटची निवडणूक होती, त्या प्रत्येक राज्यात राष्ट्राध्यक्षाचा आणि सिनेटचा पक्ष एकच निघाला. सिनेटर थेट निवडून यायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. २०२० मध्ये अपवाद एकच, मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स. २०२४ मध्ये चार राज्यं निघाली, अ‍ॅरिझोना, मिशिगन, नेव्हाडा, विस्कॉन्सिन. वर ट्रम्प, सिनेटला डेमोक्रॅट. म्हणजे नाव पाहून मत देणारे अजून आहेत, आणि चुरशीच्या राज्यात तेवढेच पुरतात.

स्थानिक पेपर बंद पडलेल्या भागांत असं वेगवेगळं मत देण्याचं प्रमाण घटतं, असाही एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. घट सुमारे १.९ टक्के. विदागार, हा तुमच्या पाहण्यात असेलच.

मतपत्रिकेच्या मांडणीवर एक राहिलं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी लाइन' होती. काउंटीच्या पक्षनेत्यांनी ज्यांना पाठिंबा दिला ती सगळी नावं एका रांगेत, ठळक. बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात, मधे दोन-तीन रकाने मोकळे. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालायचं. मी स्वतः एकदा मशिनसमोर उभा राहून एक नाव शोधत होतो, ते पार उजवीकडच्या टोकाला सापडलं. मागच्या बाई खोकल्या, माझी घाई झाली. सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले आणि २०२४ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही पद्धत थांबवली. त्या जूनमध्ये एका पदाखाली सगळी नावं एकत्र, पहिल्यांदा सरळ वाचता आली. किम आज सिनेटर आहेत. या सगळ्याबद्दल आमच्या गल्लीत चर्चा शून्य, कारण टीव्हीवर ते फारसं आलंच नाही.

टेक्ससची_तुळस

डॅलसच्या उपनगरातून. मी गेली तीन खेपा दारोदार फिरते, म्हणून रस्त्यावरचं लिहिते.

फोनवर अ‍ॅप असतं, त्यात घरांची यादी. कोण नोंदणीकृत, मागच्या कोणत्या निवडणुकीला मत दिलं, हे सगळं दिसतं. कुणाला दिलं ते दिसत नाही. एका संध्याकाळी एका दारावर मराठी पाटी! आजींनी दार उघडलं, आत फोडणीचा वास. मी मराठीत बोलले तशा हरखल्या. आत बसवलं, पाणी दिलं. निवडणुकीचं काढलं तर म्हणाल्या, "ते मुलगा बघतो हो." मुलगा यादीत होता, सूनही होती. दोघांनी राष्ट्राध्यक्षाला मत दिलेलं, मध्यावधीला एकदाही नाही. आजी स्वतः नागरिक झालेल्या, पण नोंदणीच केलेली नाही. टेक्ससात नवीन नोंदणी ऑनलाइन करता येत नाही. अर्ज भरून, सही करून, टपालाने किंवा हाताने पोचवायचा, तोही मतदानाच्या ३० दिवस आधी. मी पिशवीतून अर्ज काढला. त्यांनी देवघराजवळचा चष्मा आणून सावकाश भरला. सही मराठीत करू का, असं विचारलं. मी म्हटलं, तुमची जी सही असेल ती करा.

पटवायला जाऊ नका, आठवण करायला जा, हे मी अनुभवाने शिकले. विदागारांना माहीत असेल, मिशिगनमध्ये २००६ च्या ऑगस्टच्या प्रायमरीत अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्तोफर लॅरिमर यांनी पत्रांचा प्रयोग केला होता. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के. ज्यांना 'तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही' याची यादी पाठवली, त्यांच्यात ३७.८ टक्के. टपालाच्या एका पत्राने आठ टक्के! मला ही पद्धत आवडत नाही, शेजाऱ्यांत लाज आणणं बरं नव्हे. पण चार भिंतींआडच्या माणसाला बाहेर काढतं ते ओळखीच्यांचं लक्ष, हे त्यातून दिसतं.

आता आमचं दुखणं. २०२५ च्या ऑगस्टात टेक्ससच्या विधिमंडळाने काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा मधेच बदलला. जनगणना दहा वर्षांनी होते आणि एरवी नकाशा तेव्हाच बदलतो. हा बदलला रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात म्हणून, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ ला जनमत घेऊन आपला नकाशा डेमोक्रॅटांच्या सोयीचा केला. दोन्ही चूक, असं माझं मत. मी ज्या दारांवर गेले ती घरं आता वेगवेगळ्या मतदारसंघांत जाणार असतील, तर तिथल्या माणसाला प्रतिनिधी ओळखीचा होणार कधी?

पुण्यातून

नदीपल्याड यांची ती मागच्या रांगेतली बाई डोक्यातून जात नाही.

एक शंका. छोटा पेपर म्हणजे स्वच्छ, असं तुम्ही सगळे धरून चाललाय. मालकाचे लागेबांधे असतातच ना? आमच्याकडे पैसे घेऊन प्रचाराच्या बातम्या छापल्याचं २००९ च्या निवडणुकीत केवढं गाजलं होतं.

एडिसनकर

रास्त शंका. 'नॉर्थ शोअर लीडर'चंच घ्या. त्याचे मालक ग्रँट लॅली स्वतः पूर्वी रिपब्लिकन पक्षाकडून काँग्रेसला उभे राहिलेले. म्हणजे लागेबांधे होतेच. तरी त्यांच्या पेपरने आपल्याच पक्षाच्या सँटोसवर बोट ठेवलं आणि पाठिंबा समोरच्या डेमोक्रॅटला, रॉबर्ट झिमरमन यांना दिला. माणूस गावातलाच असल्याने त्याला वास आला. मोठ्या पेपरच्या राजकीय बातमीदाराला तो मतदारसंघ म्हणजे नकाशावरचा एक रंग होता.

त्याच मतदारसंघात पुढे १३ फेब्रुवारी २०२४ ला पोटनिवडणूक झाली. आता मात्र सगळ्या देशाची माध्यमं तिथे लोटली. नेमकं त्या दिवशी हिमवादळ. डेमोक्रॅटांनी आधीच्या दिवसांत बरंच मतदान उरकलं होतं, रिपब्लिकन मतदार प्रत्यक्ष मंगळवारची वाट पाहणारे. शेवटी रिपब्लिकन बाजूच्या एका मोठ्या सुपर पॅकने आपल्या मतदारांच्या भागातले रस्ते मोकळे करायला खाजगी बर्फगाड्या भाड्याने घेतल्या. टॉम सुओझी साधारण आठ टक्क्यांनी जिंकले.

नदीपल्याड

एडिसनकर, एक कळवायचं राहिलं. आमच्याकडे वाचनालयात आता दोन निवृत्त बातमीदार महिन्यातून एकदा बसतात. नगर परिषद आणि शाळा मंडळाच्या बैठकांचे टिपण दोन पानांत छापून ठेवतात, फुकट. मी ते मराठी मंडळाच्या गटावर टाकायला लागले. पहिल्या महिन्यात कुणी उघडलं नाही. गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं, पुढची बैठक कधी.

टेक्ससची_तुळस

ते टिपण कसं असतं त्याचा फोटो इथे टाकाल का? आमच्या वाचनालयात विचारते. आणि एडिसनकर, तुमच्याकडे जूनच्या प्रायमरीसाठी नोंदणीची शेवटची तारीख काय?

एडिसनकर

मतदानाच्या २१ दिवस आधी. प्रायमरी २ जूनला, म्हणजे १२ मे. सॅम्पल बॅलट आला की सहाव्या मतदारसंघातली सगळी नावं, दोन्ही पक्षांची आणि अपक्षांची, इथे लिहितो. प्रत्येकाच्या आर्थिक विवरणाचा कागद प्रतिनिधीगृहाच्या कारकुनाच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहायला मिळतो, तो मी एकेक करून वाचणार आहे. एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवेकडचं कुणी मदतीला येत असेल तर हात वर करा, नावं वाटून घेऊ.